नापास काचा

रविवारी सकाळी आत्यानं वर्तमानपत्र उचललं तेव्हा त्यावरची काच तिच्या हातात आली. यात नवल काही नव्हतं. खालच्या कारखान्यात परीक्षेत नापास झालेली काच वहिनी वर घेऊन यायची आणि घरात कुठेतरी कामाला लावायची. तळहाताएवढी गोल, बोटभर जाड, चांगली जड काच. एक फोनशेजारच्या कागदांवर होती, एक पाण्याच्या जगावर झाकण म्हणून, एक स्वयंपाकघरातल्या खिडकीचं दार आपटू नये म्हणून. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे कोणी काच म्हणून बघायचंच बंद केलं होतं.

पण ही नवी होती. कडेवर पेन्सिलीनं काढलेला छोटा त्रिकोण होता. तो सूनबाईचा, धाकट्या पुतण्याच्या बायकोचा.

"वहिनी, ही कालची ना?"

"हो, वन्सं. काल संध्याकाळी ह्यांनी ठेवून दिली बाजूला, मी आणली वर. रात्री उशाशीच होती, पंख्यानं माझ्या औषधांच्या पुड्या उडतात." वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. मग जरा आवाज उतरवून, "बिचारीचा हात गरम. त्याला ती तरी काय करणार?"

आत्यानं डोळे मिटले आणि उघडले. हात गरम. हे दोन शब्द ती समजायला लागल्यापासून ऐकत होती. पुलापलीकडच्या लोकांचा हात गरम असतो, त्यांना शेवटच्या टेबलावर बसवून उपयोग नसतो. हे कोणी रागानं म्हणत नसे. उंच माणसाला खालच्या दारातून वाकून जावं लागतं म्हणावं, तितक्या सहज म्हणत. आत्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. माणसाच्या रक्ताचं तापमान पूल ओलांडला म्हणून बदलत नाही, हे तिनं या घरात इतक्या वेळा सांगितलं होतं की आता तिनं तोंड उघडलं की थोरला पुतण्या घड्याळाकडे बघायचा.

"किती वाईट झालीय ते तरी बघते," ती म्हणाली, आणि काच घेऊन जिना उतरली. उतरण्यात जिज्ञासा कमी आणि चरफड जास्त होती.

सुट्टीमुळे कारखाना गप्प होता. जाड घासणीची यंत्रं फडक्यांखाली झाकलेली, पुढे मधली टेबलं, आणि सर्वांत आत, उत्तरेच्या खिडकीपाशी, शेवटचं टेबल. यंत्रं काच सपाट करतात ती ढोबळ. उपकरणात बसवायची काच खरी सपाट होते ती इथे, हातानं, लाल पावडरीच्या ओल्या थरावर, फिरवून फिरवून. अण्णा, म्हणजे आत्याचे वडील, इथे बसले. त्यांच्यानंतर दादा, तिचा भाऊ, बसला तो आजवर. बुधवारी दादाच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. त्यानंतर मान खाली घालून काम करायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं. म्हणून काल सूनबाईची परीक्षा झाली होती. ती नापास झाली, म्हणजे आता टेबल थोरल्याकडे जाणार होतं, आणि सूनबाई आणि धाकटा दुसऱ्या गावच्या मोठ्या कारखान्यात. तिथून बोलावणं आलं होतं आणि उत्तर उद्या द्यायचं होतं.

आत्यानं पिवळा दिवा लावला. काच पुसली, कसोटीची काच हलकेच तिच्यावर ठेवली. हे तिला अण्णांनी लहानपणीच शिकवलं होतं. दोन काचांमधल्या हवेत पिवळे-काळे पट्टे उमटतात. पट्टे वहीच्या रेघांसारखे सरळ असले तर काच सपाट. वाकले तर नाही.

पट्टे सरळ होते.

तिनं काच उचलली. कडेवरचा त्रिकोण पाहिला, पुन्हा पुसली, पुन्हा ठेवली. सरळ. शेवटच्या टेबलावरून गेल्या वर्षी गेलेल्या कुठल्याही काचेइतके सरळ.

ती स्टुलावर बसली. समोर भिंतीला अण्णांचं कपाट होतं, आतून मऊ कापड लावलेलं, पितळी कुलपाचं. घरच्या माणसानं काच घासली की ती रात्रभर त्या कपाटात ठेवायची. त्याला 'काच झोपवणं' म्हणत. घासून आणि हाताळून तापलेली काच सावकाश निवते, निवली की आपल्या खऱ्या आकारावर येते, मग सकाळी तपासायची. बाहेरच्यांची काच, त्यात सूनबाईचीही, मात्र त्या कपाटात जात नसे. ती त्यांच्या हातातून तिथल्या तिथे घ्यायची, बाजूच्या घमेल्यातल्या पाण्यात बुडवायची, पुसायची आणि लगेच बघायची. आत्याची नजर कपाटावरून घमेल्यावर गेली आणि घमेल्यावरून परत कपाटावर.

"अगं बाई," ती एकटीच मोठ्यांदा म्हणाली. "गाढव आहोत आपण सगळे. आणि मी त्यातली शिकलेली."

*

जेवायला सगळे बसले तेव्हा आत्यानं काच आपल्या ताटाशेजारी ठेवली. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. या टेबलावर काच असणं हे मिठाची बरणी असण्यासारखंच होतं.

"तर मग," दादा म्हणाला. तो चष्म्याच्या आत डोळे बारीक करून घास शोधत होता. "बुधवारपासून थोरला बसेल टेबलावर. विषय संपला. भाजी वाढ."

थोरल्यानं भाजीचं भांडं वडिलांकडे सरकवलं. कारखान्याची गिऱ्हाइकं तो सांभाळायचा, आणि त्याला गावोगाव हिंडायला आवडायचं. बसायला आवडायचं नाही. "बाबा, मी बसेन हो. पण दिवसाचे पाच-सहा तास मान मोडून… माझी पाठ तुम्हाला माहीत आहे."

"तुझ्या आजोबांनाही पाठ होती."

"त्यांना गिऱ्हाइकं शोधावी लागत नव्हती, ती आपणहून यायची," थोरला पुटपुटला.

सूनबाई गप्प जेवत होती. तिच्या बोटांच्या पेरांना लाल पावडरीचा रंग कायमचा बसला होता. तिच्या शेजारी तिचा नवरा, धाकटा. गंभीर प्रसंगी त्याला विनोद सुचायचे आणि ते आवरायचे नाहीत. "मी काय म्हणतो," तो म्हणाला, "गरम हाताचे फायदेही आहेत. थंडीत मला कधी मोजे लागले नाहीत."

"थट्टा नको रे," वहिनी म्हणाली. "आम्ही तिला काही कमी लेखतोय का? पोरगी गुणाची आहे. पण जे आहे ते आहे. त्या लोकांचा हातच तसा. डोकंही जरा तसंच, तापट. माझं काही म्हणणं नाही बाई, आपलं बघून बघून सांगते."

"आई, मी तुमच्यावर कधी तापले?" सूनबाईनं विचारलं.

"तू नाही गं. तुझं वेगळं."

"माझी आई तापली?"

"ती तर देवमाणूस."

"लंबूदादा तापतात?" लंबू जाड घासणीच्या यंत्रावरचा जुना कामगार. तोही पुलापलीकडचा.

"छे, तो तर गाय आहे."

"मग तापट कोण आहे, आई?"

वहिनीनं जरा विचार केला. "बाकीचे," ती म्हणाली.

आत्याला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. ती पाणी प्यायली. "दादा," ती म्हणाली, "ही काच मी सकाळी दिव्याखाली बघितली. सपाट आहे."

"कुठली?"

"सूनबाईची. कालची नापास."

दादानं मान वर केली. "काल थोरल्यानं बघितली. पट्टे वाकले होते. हो ना रे?"

"चांगले वाकले होते," थोरला म्हणाला. "मी खोटं कशाला सांगू?"

"आणि आज सरळ आहेत," आत्या म्हणाली. "तूही खोटं बोलत नाहीस आणि मीही नाही."

सुनेकडे न बघता, टेबलक्लॉथकडे बघत दादानं विचारलं, "रात्री खाली कोण गेलं होतं?"

सूनबाईच्या हातातला घास हातातच राहिला. धाकट्याचा चेहरा असा झाला की त्याच्याकडे या क्षणी एकही विनोद नव्हता.

"बाबा, काय विचारताय तुम्ही?" तो म्हणाला.

"साधं विचारतोय. संध्याकाळी वाकडी असलेली काच सकाळी सरळ होते, म्हणजे मधे कोणीतरी घासली. अण्णांच्या वेळी कपाटातल्या फळीवरनं काच गेली होती, विसरलात? तेव्हापासून नियम आहे. बाहेरच्याची काच फळीवर ठेवायची नाही, नजरेआड करायची नाही. तो नियम का आहे, ते आज कळलं."

"ती काच कोणी नेली होती, दादा?" आत्यानं विचारलं.

"पुलापलीकडच्या एका कामगारानं."

"सापडली त्याच्याकडे?"

"सापडली नाही. पण दुसरं कोण नेणार?"

हेच ते. कोणी नेली ते कधीच कळलं नव्हतं, आणि कोणी नेली असेल ते सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अण्णांनी त्या माणसाला काढलं, कपाटाला कुलूप घातलं, आणि त्या कुलपाच्या आत या घराची अक्कलही राहिली. आत्या बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी बोलली.

"रात्री काच माझ्या उशाशी होती."

"तू मधे बोलू नकोस."

"का नको? काच मी वर आणली. पुड्यांवर ठेवली. माझी झोप कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे, उंदीर पळाला तरी जाग येते. माझ्या उशाजवळनं काच नेऊन, घासून, परत आणून ठेवली म्हणता? म्हणजे मीही सामील, असंच ना?" वहिनीचा आवाज चढला. सुनेसाठी नव्हे, स्वतःच्या झोपेसाठी. पण चढला. एवढ्यावर टेबलाची एक बाजू हलली, हे आत्याच्या लक्षात आलं. न्यायापोटी या घरात कोणी बाजू बदलत नाही, पण उशीपोटी बदलतं.

"मग काचेला काय भुतानं घासलं?" दादा म्हणाला.

"काच निवली," आत्या म्हणाली. "बस, एवढंच झालं. रात्रभर झोपली आणि निवली."

"काल निववलीच होती. पाण्यात बुडवून."

"घरच्या काचा बुडवतोस?"

"त्या कशाला बुडवायच्या? त्या रात्रभर फळीवर असतात."

"मग हिची का नाही ठेवलीस?"

"सांगितलं ना, नियम आहे."

"दादा, तू काय बोलतोयस ते ऐकतोयस का?" आत्यानं काच उचलून मधोमध ठेवली. "आपली काच रात्रभर निवते, त्यांची पाण्यात मिनिटभर. गरम काच गार पाण्यात घातली की वरचा थर आवळतो, आतलं तसंच गरम राहतं. ती वाकणारच. माझी काय, तुझी काय, कोणाचीही वाकेल. आपण त्यांच्यावर भरवसा नाही म्हणून त्यांची काच घाईनं बघतो, घाईनं बघतो म्हणून ती वाकडी दिसते, आणि वाकडी दिसते म्हणून म्हणतो, बघा, भरवसा ठेवण्यासारखा हातच नाही!"

"मास्तरीण सुरू झाली," दादा म्हणाला. पण नेहमीचा जोर त्यात नव्हता. "चाळीस वर्षं मी काचा बघतोय. तू फळ्यावर आकृत्या काढतेस."

"मग खाली चल. फळा नको, आकृती नको. तू काच घास आणि झाली की माझ्या हातात दे."

थोरल्यानं ताट बाजूला सारलं. "चला ना, बाबा. बघूनच टाकू." आत्यानं त्याच्याकडे पाहिलं. तो तत्त्वासाठी उठत नव्हता हे उघड होतं. त्याच्या डोळ्यांसमोर पाठदुखी, टेबल आणि बंद पडलेला प्रवास होता. पण आज ती मदत नाकारण्याच्या स्थितीत नव्हती.

*

दादा टेबलाशी बसला तसा निराळा माणूस झाला. वरती घास चाचपडणारे हात इथे चुकत नव्हते. त्यानं मधल्या टेबलावरची जवळजवळ तयार झालेली काच घेतली, पावडरीच्या थरावर ठेवली, आणि तिला फिरवायला लागला, तळव्यानं जेमतेम वजन देत, मधेच बोटं बदलत. बघणाऱ्याला वाटावं, तो ती हलवतच नाही, ती आपणहून हिंडते आहे. सगळे भोवती उभे होते. सूनबाई सगळ्यांत जवळ होती, आणि या सगळ्या प्रकारातही ती त्याच्या हातांकडे शिकणाऱ्याच्या नजरेनं बघत होती. आत्याला त्या क्षणी आपल्या भावाबद्दल माया वाटली, आणि त्यामुळे आणखीच चीड आली. इतका चांगला हात, आणि इतकं साधं दिसू नये!

"झाली," दादा म्हणाला. "आता ठेव कपाटात, उद्या बघ."

"नाही. दे इकडे."

"अगं, निवू तरी दे."

दादालाही आपण काय म्हणालो ते ऐकू आलं असावं, कारण त्यानं ओठ मिटले आणि काच बहिणीकडे दिली. आत्यानं ती घमेल्यात बुडवली, काल सूनबाईची बुडवली होती तेवढाच वेळ, पुसली, दिव्याखाली ठेवली, वर कसोटीची काच.

"वाच," ती थोरल्याला म्हणाली.

थोरला वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"अरे, बोल ना," दादा म्हणाला.

"वाकलेत, बाबा."

"किती?"

"कालच्यापेक्षा जास्त."

दादानं खुर्ची मागे ढकलली. स्वतः दिव्यापाशी गेला, चष्मा वर केला, खाली केला. "जेवून लगेच बसलो ना," तो म्हणाला. "भरल्या पोटी हात जड पडतो. आणि पंखा कोणी लावला? वारा लागला की काच बिघडते. शिवाय या डोळ्यांनी आता दाब नीट कळत नाही, सहा महिन्यांपूर्वी हीच काच…"

"दादा."

"काय?"

"तुझ्या एका काचेला तीन कारणं सापडली. जेवण, पंखा, डोळे. त्यात तुझ्या रक्ताचं एकही नाही." आत्या स्वतःचा आवाज खाली ठेवायचा प्रयत्न करत होती आणि तो जमत नव्हता. "हिच्या काचेला एकच कारण होतं, आणि ते आपण हिनं काच हातात घ्यायच्या आधीच ठरवून ठेवलं होतं. हिनं कधी जेवून काच घासली नसेल? हिला कधी वारा लागला नसेल? काल तुम्ही दोघं हिच्या मानेवर उभे होतात, तेव्हा हिचा हात थरथरला नसेल?"

"थरथरला नाही," सूनबाई म्हणाली. "पण उभे होते खरे."

जिन्यावर पावलं वाजली. वहिनी कधी वर गेली ते कोणाला कळलं नव्हतं. ती खाली आली तेव्हा तिच्या हातात जगावरचं झाकण होतं. फडक्यानं पुसत पुसतच ती आली.

"ही लंबूची," ती म्हणाली. "त्याचीही परीक्षा घेतली होती ना तुम्ही? मला आठवतं. नापास झाल्यावर वर येऊन त्यानं पाणी मागितलं. दोन पेले प्यायला आणि 'बरं आहे, वहिनी' म्हणून गेला. मी त्याच संध्याकाळी ही जगावर ठेवली." ती काच तिनं आत्याकडे दिली नाही. नवऱ्यासमोर धरली. "बघा की हीपण. एवढी वर्षं पाण्यावर आहे, निवली असेल."

आत्यानं ती नीट स्वच्छ केली. एका बाजूला जगाच्या कडेचे ओरखडे होते, पण परीक्षेची बाजू वरची होती. तिनं कसोटीची काच ठेवली आणि बाजूला झाली. या वेळी थोरल्याला कोणी वाच म्हणालं नाही.

"सरळ," तो म्हणाला. मग, जरा थांबून, "एकदम सरळ, बाबा."

पिवळ्या उजेडात सगळे त्या काचेकडे बघत राहिले. एक काच अजून खिडकीशी होती, एक फोनशेजारी. त्या कोणाच्या, हे वहिनीला आठवत असेल. लंबू त्या दिवसानंतर पुन्हा परीक्षेला बसला नव्हता. जाड घासणीच्या यंत्रापाशी उभं राहून राहून त्याचे कान गेले होते. आता त्याला हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागायचा.

दादा स्टुलावर बसला. हात मांडीवर पालथे ठेवून त्यांच्याकडे बघत राहिला. किती दिसत होते कोण जाणे.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "बुधवारपासून टेबल सूनबाईचं."

धाकट्यानं श्वास सोडला. थोरल्यानं तर पाठ सरळ करून अंगच मोडलं. वहिनी हसली. आत्याला वाटलं, झालं, संपलं, आता वर जाऊन चहा प्यावा.

"मी पहिल्यापासून म्हणायचो," दादा सुनेकडे मायेनं बघत म्हणाला, आणि ती माया खरी होती, हेच त्यातलं वाईट. "ही त्यांच्यातली वाटतच नाही. हिचा हात आपल्यासारखा आहे."

आत्यानं कपाळाला हात लावला. तिला ओरडावंसं वाटलं. समोर दोन सरळ काचा आणि एक वाकडी, तिघांचे तीन हात, याहून जास्त पुरावा तिच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतही कोणी मागितला नसता, आणि या माणसानं त्यातून एवढंच काढलं! नियम तसाच ठेवला, फक्त एक माणूस उचलून पुलाच्या अलीकडे आणून ठेवला.

"दादा, अरे, आत्ताच…"

"आत्या, थांबा," सूनबाई म्हणाली. ती टेबलापाशी गेली नाही. होती तिथेच उभी राहिली. "बाबा, माझा हात तुमच्यासारखा नाही. तुमच्याइतका चांगला व्हायला मला अजून बरीच वर्षं लागतील. पण मी त्यांच्यातलीच आहे. वेगळी म्हणून मला टेबल नको."

"मग कशी म्हणून हवंय?"

"काच सरळ आली म्हणून. आणि उद्यापासून सगळ्यांच्या काचा या कपाटात झोपणार असतील, तर. माझी, लंबूदादांची, मधल्या टेबलावरच्या दोघींची. सकाळी सगळ्या एकत्र बघायच्या, कोणाची कुठली ते न बघता."

"कपाट घरचं आहे," दादा म्हणाला. शब्द तोंडातून सवयीनं बाहेर पडावेत तसा. "अण्णांनी कुलूप घातलंय त्याला."

"हो. मग उद्या आम्ही त्या कारखान्याला होकार कळवतो." ती रागानं बोलली नाही. तापली तर नाहीच. दादानंही ते बघितलं असावं.

"माझ्याकडे बघू नका," धाकटा म्हणाला. कोणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. "मला कुठेही झाडू मारायला ठेवा. मी हिच्याबरोबर आहे."

"दादा, एक शब्द बोल," आत्या म्हणाली. "हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण उद्या बघू असं म्हणू नकोस."

"उद्या बघू," दादा म्हणाला.

वहिनी सगळ्यांना चहाला हाका मारत वर गेली. थोरला आणि धाकटा तिच्या मागून. सूनबाईनं आपली काच आणि लंबूची काच, दोन्ही पुसून टेबलाच्या कडेला ठेवल्या, एकीशेजारी एक, आणि तीही गेली. आत्या दिवा विझवायला थांबली होती. दादानं आपली वाकडी काच उचलली, कपाट चाचपत उघडलं, आत ठेवली, दार लोटलं. मग बहिणीच्या बाजूनं जाताना म्हणाला, "सकाळी बघशील तू. माझी सरळ निघेल."

"निघेल, दादा. मला माहीत आहे."

"मग एवढा आरडाओरडा कशाला केलास?"

यावर तिच्याकडे उत्तर होतं, आणि ते ती तासाभरापूर्वी आणि त्याआधी कित्येक वर्षं देत आली होती. तो जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी चढला.

दिवा विझवून वळली तेव्हा तिला दिसलं. कुलूप उघडंच कडीला लोंबत होतं आणि किल्ली त्यातच होती. अण्णांनंतर ती किल्ली कधी दादाच्या खिशाबाहेर राहिली नव्हती.

तो विसरला होता, की त्याला दिसलं नव्हतं, की त्यानं ठेवली होती? जिन्याखालून हाक मारून विचारता आलं असतं. पण विचारलं असतं तर तो विसरलो असंच म्हणाला असता, आणि खाली येऊन कुलूप लावून गेला असता.

आत्यानं टेबलाच्या कडेवरच्या दोन्ही काचा उचलल्या, त्याच्या काचेशेजारी ठेवल्या, दार लोटलं, आणि किल्लीला हात न लावता चहाला वर गेली.